पिशवीतलं हाड आणि ते काढायची सोय: गोव्यातल्या हिस्टेरोस्कोपी सेवेची पारख

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘कॉपर-टी जागेवर आहे’ असं येतं आणि बाई म्हणते, मी कधी कॉपर-टी बसवलीच नाही. गर्भपिशवीच्या अस्तरात हाड तयार झालंय हा संशय बऱ्याचदा असाच पुढे येतो. तोवर दिवस राहत नाहीत म्हणून गोळ्या, इंजेक्शनं, फॉलिक्युलर स्टडी (बीज कसं वाढतंय ते बघणारी सोनोग्राफी) हे सगळं करून झालेलं असतं. या दुखण्यावर कामाचा इलाज एकच: पिशवीत दुर्बीण घालून, पडद्यावर बघत बघत हाडाचे तुकडे काढणं. म्हणजे ऑपरेटिव्ह हिस्टेरोस्कोपी. गोव्यात ही सेवा कशी मिळते, त्यात चांगलं काय म्हणायचं आणि माणूस फसतो कुठे, याची ही पारख.

निकाल आधीच सांगून टाकतो. या एका ऑपरेशनसाठी मुंबई-बेळगाव गाठायची गरज सहसा पडत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत (सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात) आणि पणजी, मडगाव, म्हापशाच्या खासगी इस्पितळांत दुर्बिणीची सोय आहे. पण एकाच प्रकारच्या यंत्रावर दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं काम होतं, म्हणून इस्पितळाची पाटी बघून गुण देण्यात अर्थ नाही. खाली जे प्रश्न दिलेत ते विचारून गुण द्या.

आधी दुखण्याबद्दल थोडं. वैद्यकीय कागदावर ते ‘एंडोमेट्रियल ऑसिफिकेशन’ किंवा ‘ऑसिअस मेटाप्लेझिया’ असं येतं. प्रकार दुर्मीळ, दर १०,००० बायकांत साधारण ३ असा आकडा नेहमी दिला जातो. दुर्मीळ म्हणूनच तो चटकन ध्यानात येत नाही. ज्यांच्यात सापडतो त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त बायकांना आधी कधीतरी दिवस राहिलेले असतात, आणि बहुतेकींचा गर्भपात झालेला असतो, आपोआप किंवा करून घेतलेला. त्यानंतर पिशवी साफ केलेली असते. मधला काळ काही आठवड्यांचा असू शकतो, दहा वर्षांहून जास्तही.

हाड येतं कुठून, याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. गर्भ तीन महिन्यांच्या पुढचा असेल आणि क्युरेटिंग, म्हणजे पिशवी खरवडून साफ करणं, अर्धवट झालं असेल, तर गर्भाचेच हाडाचे तुकडे आत राहतात. पण आठ-नऊ आठवड्यांच्या गर्भात अजून हाड धरलेलंही नसतं, तरी पुढे हाड सापडतं. तिथे दुसरं कारण लागू होतं. अस्तराखालच्या पेशींत हाड बनवण्याची क्षमता असते. जुनी सूज, इन्फेक्शन किंवा जखम दीर्घकाळ राहिली की त्या पेशी हाड बनवू लागतात. काढलेल्या हाडाचा डीएनए बाईच्याच डीएनएशी जुळल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, त्यामुळे हे कारण नुसतं अंदाजाचं नाही. ‘तुमच्या आधीच्या डॉक्टरने काम नीट केलं नाही’ असं पहिल्याच भेटीत ठोकून देणाऱ्या कन्सल्टंटला आम्ही तिथेच एक गुण कमी देतो.

दिवस का राहत नाहीत, हे समजायला कॉपर-टीच आठवावी. हाड तिचंच काम करतं. पिशवीत टणक परकी वस्तू पडून राहिली की अस्तरात सूज राहते, प्रोस्टाग्लँडिन वाढतं, आणि गर्भ रुजायला लागते ती जमीनच मिळत नाही. पाळी वेळेवर, बीज वेळेवर, नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक, आणि तरीही काही होत नाही. कुणाला पाळीत जास्त जातं, पोटात कळा येतात, पांढरं जातं. क्वचित पाळीतून बारीक टणक कपच्या पडतात. पुष्कळ जणींना यातलं काहीच होत नाही. चांगली बातमी अशी, की अडथळा काढला की हा परिणामही जातो. अस्तर बाकी निरोगी असेल तर पुढच्या काही महिन्यांत आपोआप दिवस राहिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

आता सेवेकडे. पहिला टप्पा सोनोग्राफीचा, आणि बरीच गफलत तिथेच होते. तपासणी योनीमार्गे हवी, पोटावरून केलेली पुरत नाही. दिवस पाळीचा सहावा ते दहावा: तेव्हा अस्तर पातळ असतं आणि चकाकणारी रेघ त्यावर उठून दिसते. पाळीच्या उत्तरार्धात अस्तर स्वतःच जाड आणि पांढुरकं होतं, त्यात लहान तुकडे दडून जातात. हाड असेल तर तिथे लख्ख पांढरी रेघ किंवा ठिपके दिसतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. कॉपर-टीचीही सावली पडते, पण तिला दांडा, दोन हात आणि खाली दोरा असतो. थ्रीडी केलं तर ‘टी’चा आकार दिसतो किंवा दिसत नाही, वाद मिटतो. कॉपर-टी बसवलेली नसताना रिपोर्टात ती आली असेल तर तो रिपोर्ट तसाच फायलीत लावू नका. रेडिऑलॉजिस्टकडे परत जाऊन थ्रीडी करून मागा. एचएसजी, म्हणजे नळ्यांचा डाय घालून काढतात तो एक्स-रे, यात डाय भरल्यावर हाड झाकलं जाऊ शकतं, म्हणून डाय घालण्याआधीची साधी फिल्म बघायला सांगा. एमआरआयवर यासाठी पैसे घालू नयेत. कॅल्शियम त्यात नीट दिसत नाही.

सावली पडणारं सगळंच हाड नसतं, हेही खरं. कॅल्शियम धरलेली फायब्रॉइडची गाठ, पिशवीत चिकटलेले पडदे, जुना टीबी, राहून गेलेली कॉपर-टीची तुटकी दांडी, हे सगळं तसंच दिसू शकतं. नक्की काय ते दुर्बिणीत आणि मायक्रोस्कोपखालीच ठरतं.

दुसरा टप्पा केस पेपरचा, आणि इथे एक नाजूक बाब आहे. पूर्वी झालेला गर्भपात हा या निदानातला सगळ्यात मोठा धागा, आणि नेमका तोच सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेला असताना सांगितला जात नाही. लग्नाआधीचा असेल तर नाहीच नाही. चांगल्या ओपीडीत सिस्टर किंवा डॉक्टर बाईला दोन मिनिटं एकटीला आत घेतात आणि मगच विचारतात. तसं झालं नाही तर आपणच म्हणावं, ‘डॉक्टर, मला एकटीला बोलायचं आहे.’ गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव-गाव उघड न करण्याचं बंधन गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने डॉक्टरांवर घातलेलं आहे. डिस्चार्ज कार्ड घरात सगळे वाचतात, तेव्हा त्यावर हा इतिहास किती लिहायचा हेही त्याच दोन मिनिटांत बोलून घ्यावं. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर मात्र तो यायलाच हवा. का ते पुढे येईल.

आता ऑपरेशन. तारीख पाळी संपल्या संपल्या, सहाव्या ते दहाव्या दिवसातली. पाळी आल्या दिवशी फोन करायचा आणि त्यांनी त्या आठवड्यातली वेळ द्यायची, अशी पद्धत ज्या ठिकाणी आहे ते ठिकाण निम्मी परीक्षा तिथेच पास झालं. ‘पुढच्या महिन्याच्या २० तारखेला या’ असं पाळी न विचारता सांगणारं ठिकाण नापास. जाड अस्तरात दुर्बीण घालून धुक्यात तुकडे शोधत बसण्यात काही हशील नाही. चतुर्थीच्या आठवड्यात पाळी आली तर सरळ महिनाभर पुढे ढकला, ओटीची यादी तेव्हा अर्ध्यावर आलेली असते.

ऑपरेशनच्या आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, हिमोग्लोबिन, रक्तगट. अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल तर आधी इन्फेक्शनचा इलाज, दुर्बीण नंतर. गर्भाशयाचं तोंड घट्ट असेल तर मिसोप्रोस्टॉलच्या २०० ते ४०० मायक्रोग्रॅम गोळ्या काही तास आधी ठेवायला देतात. त्याने पोटात कळा येतात, थंडी वाजते, हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर बाई रात्री घाबरते. भूल द्यायची असेल तर जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

सामान काय वापरणार हे विचारायला लाजू नये. लहान, सुटे तुकडे असतील तर २.९ मिलिमीटरची दुर्बीण आणि तिच्यावरची साधारण ५ मिलिमीटरची शीथ, म्हणजे बाहेरची नळी, पुरते. या शीथमध्ये ५ फ्रेंचचा, म्हणजे दीड-पावणेदोन मिलिमीटरचा मार्ग असतो, त्यातून बारीक पकड आणि कात्री जाते. स्पेक्युलम (योनी उघडी धरणारा चिमटा) न लावता, तोंड न ताणता ही दुर्बीण आत नेता येते, त्यामुळे साध्या केसला पूर्ण भूल लागतच नाही. आत नॉर्मल सलाइन सोडून पिशवी फुगवतात. दाब साधारण ७० ते १०० मिलिमीटर पारा; तो रुग्णाच्या सरासरी रक्तदाबाच्या खाली ठेवला की पाणी रक्तात कमी शिरतं.

पडद्यावर हाड दिसतं ते खायच्या तिसऱ्यांच्या शिंपलीच्या फुटक्या कपचीसारखं: पांढरट-पिवळसर, कडा धारदार, एक टोक अस्तरात रुतलेलं. दुर्बिणीचं टोक लागलं की टणकपणा हाताला कळतो. खरं कसब त्यापुढचं. कपची मधोमध पकडून ओढली तर ती आडवी होते आणि गर्भाशयाच्या तोंडात अडकते, किंवा तोंड फाटतं. टोकाला पकडायची, लांबी मार्गाच्या दिशेत आणायची, आणि तुकडा मोठा असेल तर पकड, दुर्बीण, तुकडा, सगळं एकदम बाहेर काढायचं. तुकडा अस्तरात रुतला असेल तर आधी कात्रीने कडा मोकळ्या करतात. ओढाताण केली तर हाड मोडतं, आतलं मूळ तसंच राहतं आणि पुढच्या सोनोग्राफीत तीच पांढरी रेघ पुन्हा हजर.

मोठा पसरलेला पत्रा असेल तर रिसेक्टोस्कोप लागतो, म्हणजे वीज जाणाऱ्या तारेचा लूप असलेली जाड दुर्बीण. लूपने हाड कापत नाही हे इथे समजून घ्यावं. तो हाडाखालचं अस्तर सोडवतो. हाडावरच घासत राहिला तर तार तुटते आणि उष्णता शेजारच्या निरोगी अस्तराला लागते. फिरत्या पात्याने ऊती कापून ओढून घेणारं महागडं यंत्र काही ठिकाणी हौसेने दाखवतात. पॉलिपला ते उत्तम, पण टणक कपची त्याच्या खिडकीत अडकते आणि पातं बोथट होतं. या कामासाठी ते नाही म्हणून कुणा सेंटरला आम्ही गुण कापणार नाही.

रुतलेल्या हाडाच्या केसमध्ये पोटावरून सोनोग्राफी चालू ठेवून काम करावं. त्यासाठी मूत्राशय भरलेलं ठेवतात. हाड स्नायूत किती आत गेलंय आणि पलीकडे किती भिंत उरलीय, हे सोनोग्राफीतच दिसतं. खोल गेलेला आणि पोकळीत डोकावत नसलेला बारीक तुकडा कधी कधी डॉक्टर मुद्दाम सोडून देतात, आणि ते शहाणपणाचं असतं. त्याच्या मागे लागून पिशवीला भोक पाडण्यात काय अर्थ? पिशवी फुगलेली असताना एकदम कोसळली, आत घातलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याचा हिशेब अचानक तुटला, तर भोक पडल्याची शंका घ्यायची आणि थांबायचं.

पाण्याचा हिशेब ही आमच्या मते सगळ्यात खरी परीक्षा. एक माणूस फक्त एवढंच मोजत असायला हवा: किती लिटर आत गेलं, किती बाहेर आलं. फरक म्हणजे शरीरात शिरलेलं पाणी. नॉर्मल सलाइन असेल तर तब्येतीने धड बाईत २,५०० मिलिलिटरच्या फरकाला थांबायचं. जुन्या मोनोपोलर (विजेच्या जुन्या पद्धतीच्या) यंत्राला सलाइनऐवजी लागणारं ग्लायसिनचं पाणी असेल तर १,००० मिलिलिटरलाच, कारण त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मर्यादा आणखी खाली. हा फरक ऑपरेशन नोटमध्ये आकड्याने लिहिलेला असतो का, एवढं एकच विचारा. लिहीत असतील तर बाकीचंही बहुधा नीट चालतं.

आता ज्याला सरळ शून्य गुण द्यायचे ते. ‘दुर्बीण कशाला, पिशवी साफ करून देतो, अर्ध्या तासात घरी जा.’ न बघता केलेलं क्युरेटिंग या दुखण्यात दोन्हीकडून नडतं. धातूचा चमचा रुतलेल्या पत्र्यावरून घसरतो आणि हाड राहतं. शेजारचं चांगलं अस्तर मात्र खरवडलं जातं आणि तिथे पडदे चिकटतात. मग पाळी कमी होते आणि दिवस न राहण्याला आणखी एक कारण तयार होतं. दुर्बीण मिळत नव्हती तेव्हा क्युरेटिंग, नाहीतर पिशवीच काढून टाकणं, हेच पर्याय असायचे. आज गोव्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून दुर्बीण असलेलं इस्पितळ दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ आहे, अगदी काणकोणहूनही.

लॅबचा भाग लोक विसरतात. काढलेले तुकडे नुसते बाटलीत घालून घरच्यांना दाखवायला नसतात. ते १० टक्के तीव्रतेच्या फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला जातात. हाड असल्यामुळे ते आधी आम्लात किंवा ईडीटीए नावाच्या रसायनात मऊ करावं लागतं, मगच काप निघतात, म्हणून रिपोर्टाला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात. अस्तराचा एक तुकडा वेगळ्या बाटलीत साध्या सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी जायला हवा. फॉर्मेलिनमध्ये टाकला की कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. आपल्याकडे पिशवीचा टीबी अजून बराच आहे आणि त्यातही कॅल्शियम धरतं, म्हणून ही बाटली टाळू नये. लहान नर्सिंग होममधून नमुना बाहेरच्या लॅबला जातो, तिथे दोन बाटल्या आणि दोन फॉर्म गेलेत ना, हे नवऱ्याने किंवा भावाने काउंटरवर उभं राहून बघावं. फॉर्मवर पूर्वीचा गर्भपात लिहिलेला हवा तो यासाठी: अस्तरात हाड दिसलं की पॅथॉलॉजिस्टला कॅन्सरचा एक वाईट प्रकारही डोक्यात ठेवावा लागतो. तो बहुतेक पाळी गेलेल्या बायकांत होतो. वय आणि इतिहास समोर असला की रिपोर्ट नेमका येतो आणि घरात फुकटचा हलकल्लोळ होत नाही.

पैशांचं बोलायचं तर खासगीत ‘पॅकेज’ म्हणून जो आकडा सांगतात त्यात भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजी, टीबीची तपासणी आणि लागलीच तर दुसरी दुर्बीण धरलीय का, हे लिहून घ्या. बहुधा शेवटचे तीन बाहेर असतात. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डावर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांचं संरक्षण आहे, पण ऑपरेशन योजनेच्या यादीतल्या कुठल्या नावाखाली बसतं ते डेस्कवर आधी विचारून मंजुरी हातात घ्यावी. ऑपरेशन झाल्यावर धावपळ करून काही होत नाही. सिंधुदुर्गातून, सावंतवाडी-दोडामार्गकडून बांबोळीला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे.

सरकारी की खासगी? हाड पसरलेलं, रुतलेलं, आधी एकदा क्युरेटिंग होऊनही राहिलेलं असेल, तर आमचं मत मोठ्या इस्पितळाकडे. भूल, रक्तपेढी, सर्जन, पॅथॉलॉजी एका आवारात असणं भोक पडल्यावर उपयोगी येतं. पाळीचा दिवस आणि यादी जुळवण्याची कटकट कुठल्याही सरकारी ओपीडीत होणारच, त्यासाठी युनिटच्या रेसिडेंट डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. एक-दोन सुट्या कपच्या असतील तर नीट डे-केअर असलेलं खासगी सेंटर पुरेसं. सकाळी जाऊन दुपारी घरी. फक्त भूल घेतली असेल तर त्या दिवशी स्वतः स्कूटर चालवायची नाही. गोव्यात हे स्पष्ट सांगावं लागतं.

घरी आल्यावर थोडे दिवस लालसर जातं, पाळीसारखं पोट दुखतं. ताप ३८ डिग्रीच्या वर, घाण वास, तासाला एक पॅड भिजणं, पोटदुखी उतरण्याऐवजी वाढत जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता परत जायचं. मोठा भाग उघडा पडला असेल तर अस्तर लवकर भरून यावं म्हणून काही आठवडे इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि शेवटी प्रोजेस्टेरॉन देतात. पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर ते आधी सांगा. सरसकट सगळ्यांना या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आम्हाला तितकासा पसंत नाही. पुढची पाळी संपल्यावर पुन्हा योनीमार्गे सोनोग्राफी व्हायलाच हवी, आणि हाड पसरलेलं होतं तर महिना-दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा दुर्बीण. ती पाच-दहा मिनिटांची असते. राहिलेला तुकडा आणि नवीन चिकटलेला पडदा दोन्ही तेव्हा सहज निघतात.

हाड तसंच ठेवून थेट आयव्हीएफचं पॅकेज पुढे करणारं सेंटर असेल तर उठून या. कॉपर-टी असताना गर्भ सोडण्यासारखं ते आहे. सोनोग्राफी स्वच्छ आली की एक-दोन पाळ्या जाऊ द्यायच्या आणि मग आपसूक प्रयत्न. वय ३५ च्या आत आणि बाकी रिपोर्ट बरे असतील तर वर्षभर वाट बघायला हरकत नाही, वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच. तोवर झालं नाही तर गोमेकॉत २०२३ पासून मोफत आयव्हीएफची सोय सुरू झालेली आहे. तिथे किंवा कुठेही जाताना फायलीत हे असू द्या: ऑपरेशन नोट, पाण्याच्या फरकाच्या आकड्यासकट, हाडाचा आणि टीबीचा रिपोर्ट, ऑपरेशननंतरची सोनोग्राफी, आणि दुर्बिणीचं रेकॉर्डिंग असलेला पेन ड्राइव्ह. तो डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्यावा.